अकरा एकांचा भागाकार

संभ्रम ही काही कोणी मिरवावी अशी अवस्था नव्हे. विद्वत्ता मिरवता येते, दारिद्र्य मिरवणारेही भेटतात, आणि वैराग्याचे प्रदर्शन मांडणाऱ्यांची तर वाण नाही. परंतु ‘मला हे कळत नाही’ असे म्हणून त्या न कळण्यापाशी शांतपणे मुक्काम करणारा मनुष्य विरळा. बहुतेक जण अशा वेळी घाई करतात. कोणी पुरावाच खोटा ठरवतो, तर कोणी प्रश्न क्षुल्लक ठरवून मोकळा होतो. दोन सत्ये परस्परांना छेद देत समोर उभी राहिली असता दोघांनाही आसन द्यावे, स्वतः मात्र उभे राहावे, हे मनाच्या फार मोठ्या सरळपणाचे लक्षण आहे. जैन आचारात या सरळपणाला ‘आर्जव’ असे सुंदर नाव आहे. वारणाकाठच्या एका गावात राहणारे वर्धमान मगदूम यांच्या ठायी ते आर्जव होते, आणि त्याची परीक्षा एका संख्येने पाहिली.

वर्धमान मगदूम वीज मंडळात मीटर रीडर होते. इस्लामपूरच्या परिसरातील पंचवीस-तीस गावांची घरे ते सायकलवरून पालथी घालीत. मीटरवरचा आकडा वहीत उतरवणे एवढेच त्यांचे काम. परंतु उतरवलेला आकडा त्यांच्या मनात शिरला की तो अखंड राहत नसे. कोणत्या संख्येने त्याला भाग जातो, किती वेळा जातो, मग उरलेल्याला आणखी कोण भागतो, हे सारे पुढच्या घराची पायरी चढेपर्यंत होऊन जाई. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीच निःशेष भागू शकत नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. अशी एखादी भेटली की ते सायकलवर उगीच घंटी वाजवीत.

एकदा एका घरी मीटरवर पाच एक ओळीने उभे राहिले होते. ते घर होते केरबा यांच्या लेकीचे. केरबा मूळचे वडूजकडचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन नुकतेच लेकीकडे राहायला आले होते.

“पाच एक! लय शुभ हाय बगा,” केरबा मीटरकडे मान वर करून म्हणाले.

“एक्केचाळीस गुणिले दोनशे एक्काहत्तर,” मगदूम वहीत लिहिता लिहिता म्हणाले.

“आं?”

“अकरा हजार एकशे अकरा. एक्केचाळिसानं भाग जातो त्याला.”

केरबांनी लेकीला हाक मारली. “अगं, ह्यो मानूस मीटर वाचायला आलाय का फोडायला?”

त्या दिवसापासून दोघांची मैत्री जमली. आणि त्याच दिवशी मगदूमांच्या मनात तो विचार रुजला: एकापुढे एक असे नुसते एकच मांडत गेले, तर न फुटणारी संख्या कधी भेटेल? दोन एकांची अकरा ही मूळ. तीन एक सदतिसाने फुटतात, चार एक अकराने. सात एकांना दोनशे एकोणचाळीस भागतो, हे शोधायला त्यांना एक अख्खा उन्हाळा लागला. असे करीत दहा एकांपर्यंतच्या सगळ्या संख्या फुटल्या. अकरा एक मात्र फुटेनात. एक हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा! जैन श्रावकाने चढावयाच्या प्रतिमाही, म्हणजे व्रतांच्या पायऱ्याही, अकराच. पहिल्या पायरीपासून अकराव्या पायरीपर्यंत व्रते कठीण होत जातात आणि मनुष्य उत्तरोत्तर अखंड होत जातो. हा योगायोग आहे हे मगदूम जाणून होते. तरीही ही संख्या अखंड असावी, असे त्यांना मनापासून वाटू लागले, आणि या वाटण्याला पुरावा नाही याची त्यांना लाजही वाटू लागली.

सांगलीला कामानिमित्त गेले असता गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक त्यांना भेटले. त्यांनी एक मोठा उपकारक नियम सांगितला. अकरा एकांना जर कोणी मूळ संख्या भागणारच असेल, तर तिला बावीसने भागल्यावर बाकी एक उरलीच पाहिजे. बाकीच्यांकडे पाहण्याचेही कारण नाही. आणि फक्त एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंतच पाहायचे. तोवर कोणी भेटला नाही, तर पुढेही भेटणार नाही.

मगदूम दोन हजार बारा सालच्या मार्चअखेर निवृत्त झाले. पाच दिवसांनी महावीर जयंती आली. त्या सकाळी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन ते घरी आले आणि साखर कारखान्याने दिलेल्या डायरीच्या त्या दिवसाच्या पानावर त्यांनी पहिला भागाकार मांडला. भाजक तेवीस. त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले. दिवसाला एकच भागाकार, आणि मागचे पान पुन्हा उलटायचे नाही. वर्षभराचे भाजक ते आरंभीच प्रत्येक तारखेच्या माथ्यावर लिहून ठेवीत. तीन किंवा पाचने भाग जाणारे तेवढे गाळीत.

हा भागाकार पाहण्यासारखा असे. वरून खाली उतरणारा अंक प्रत्येक वेळी एकच. “दुसरं कोन उतरतच न्हाई,” ते केरबांना सांगत, “एक उतरला, वजा केलं, परत एक. माळ वडल्यागत वाटतं.” शेवटी बाकी उरे. बाकी उरली की ते समाधानाने डायरी मिटत. पत्नी प्रभावती चुलीपाशी बसून विचारी, “उरलं का?” ते म्हणत, “उरलं.” या एका शब्दावर त्या घराची सकाळ सुरू होई.

दुसऱ्या वर्षी गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. भाद्रपदातील दशलक्षण पर्वाच्या आदल्या दिवशी महाराज एकेकाला पुढे बोलावून दहा दिवसांसाठी काही ना काही त्यागाचा नियम देत होते. कोणी गूळ सोडला, कोणी दूध. मगदूमांची पाळी आली. “सर्वांत प्रिय काय?” महाराजांनी विचारले. मगदूम खोटे बोलू शकले नाहीत. “आकडे,” ते म्हणाले. सभेत हशा पिकला. महाराज हसले नाहीत. “मग दहा दिवस आकडे सोडा.” मगदूमांनी हात जोडले. ते दहा दिवस त्यांनी डायरी फडताळात बंद ठेवली, कारण नजर गेली तरी मन भागाकार करू लागेल हे त्यांना ठाऊक होते. पुढे दरवर्षी त्यांनी हा नियम पाळला, आणि डायरीत भाजक लिहितानाच पर्वाची दहा पाने कोरी सोडू लागले.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात एक लाख पाच हजार चारशे तीन हा शेवटचा भाजक आला. बाकी उरली. प्रभावतीने नेहमीप्रमाणे विचारले. “उरलं,” ते म्हणाले, आणि मग, “संपलं. कुनीबी भागू शकत न्हाई हिला.” त्या सकाळी प्रभावतीने शिरा केला. केरबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारले, “मंजी आता काय हुनार?” मगदूम म्हणाले, “काय न्हाई. हाय तशीच ऱ्हानार ती.” ज्या गोष्टीचा परिणाम ‘आहे तशीच राहणे’ हा आहे तिच्यासाठी सात वर्षे का घालवावीत, हे केरबांना उमगले नाही, शिरा मात्र उत्तम झाला होता.

या काळात मगदूमांकडे आणखी एक काम होते. बस्तीत संध्याकाळी स्वाध्याय चाले, त्यात शास्त्र वाचून त्याचा अर्थ सांगण्याचा मान त्यांचा होता. ते अक्षर न अक्षर जपून वाचीत. शास्त्रवाचकाची बुद्धी नितळ असली पाहिजे, चुकीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या माथी मारणे हा मोठा दोष आहे, असे ते म्हणत. आणि जे म्हणत तेच पाळीत.

तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, त्यांची नात ब्राह्मी सांगलीच्या महाविद्यालयातून घरी आली. आदिनाथांनी ब्राह्मी या कन्येला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, अशी परंपरा आहे. आजोबा तिला नेहमी चिडवीत, “तुझं नाव चुकलं गं, सुंदरी पायजे हुतं.” ती संगणकशास्त्र शिकत होती. आजोबांच्या अकरा एकांची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने सहज म्हणून ती संख्या मोबाईलमध्ये घातली, आणि तिचा चेहरा उतरला.

“आजोबा, ही मूळ संख्या नाहीये.”

“कोन म्हनतं?”

“ही फुटते आजोबा. दोन तुकडे होतात. मी सांगते कोणते...”

मगदूमांनी हात वर केला. “थांब. तुकडं सांगू नको.” मग त्यांनी विचारले, “तुकडा न बघता सांगता येतं का, की फुटते म्हनून?”

“येतं. एक कसोटी आहे. एखादा आकडा घ्यायचा, त्याचा फार मोठा घात करायचा आणि आपल्या संख्येनं भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एकच उरते. दहा घेतला तर एक उरतो, म्हणजे ती आपल्याला फसवते. दुसरा आकडा घेतला की पकडली जाते.” तिने तिथेच ती कसोटी लावून दाखवली. बाकी एक उरली नाही.

कसोटीचे तर्कशास्त्र मगदूमांनी दोन दिवस तिच्याकडून समजावून घेतले. त्यात कुठेही फट सापडली नाही. म्हणजे संख्या फुटत होती. आणि ज्याने ती फुटावी असा कोणी त्यांना सात वर्षांत भेटला नव्हता. चोरी झाली आहे, चोर गावातलाच आहे, आणि गावातल्या प्रत्येकाची झडती आपल्या हाताने घेतली आहे!

एकच वाट उरली होती: आपण कुठेतरी चुकलो. मागचे पान न उलटण्याचा नियम त्यांनी मोडला, आणि मोडल्याबद्दल एक दिवस उपवास केला. मग त्यांनी आठही डायऱ्या काढल्या आणि प्रत्येक भागाकार नवाच्या कसोटीने पडताळायला सुरुवात केली. भागाकाराला भाजकाने गुणून बाकी मिळवली की अकरा एक परत यायला हवेत. अंकांच्या बेरजांवरून चूक बहुधा पकडता येते. हे काम वर्षभर चालले. अडीच हजारांहून अधिक भागाकार त्यांनी तपासले. एकही चूक निघाली नाही.

आता मात्र त्यांची मती गुंग झाली. साक्षीदार सगळे खरे बोलत होते आणि निकाल खोटा होता. ब्राह्मीचे यंत्र खोटे म्हणावे, तर तर्क आड येत होता. स्वतःला खोटे म्हणावे, तर पान न पान खरे होते. ते बस्तीच्या पायरीवर बसून राहत. एकदा सांगलीहून येताना दोन थांबे पुढे जाऊन उतरले. प्रभावतीने मुलाला पुण्याला फोन केला, आणि भरतेश त्यांना सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला.

“शंभरातून सात वजा करा, आलेल्यातून परत सात, असं करत जा,” डॉक्टर म्हणाले.

“त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी,” मगदूम म्हणाले आणि थांबले.

“पुढे?”

“एकोणऐंशी मूळ हाय,” मगदूम हळूच म्हणाले. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली होती. आणखी दोनदा विचारूनही त्यांनी सात वजा केले नाहीत. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. भरतेशने बाहेर आल्यावर आईला सांगितले, की वय झाले आहे, लक्ष टिकत नाही असे डॉक्टर म्हणतात.

मगदूमांनी ते ऐकले, आणि त्यांना उत्तर सापडल्यासारखे झाले. बुद्धीच ढासळली असेल, तर ती स्वतःचे काम तपासताना आपल्या चुका झाकणारच. ज्या डोळ्याला दोष आहे तोच डोळा आरशात पाहत आहे. हे उत्तर भयंकर होते, तरी सुसंगत होते. त्या संध्याकाळी त्यांनी बस्तीत शास्त्राला वंदन केले, ते वेष्टनात बांधले आणि श्रावकांना सांगितले, “उद्यापासनं दुसऱ्या कुनीतरी वाचावं. माजी बुद्धी भरवशाची ऱ्हायली न्हाई.”

लोकांना काहीच कळेना. काल तर त्यांनी अस्खलित वाचले होते. प्रभावती घरी आल्यावर म्हणाली, “आवं, एका भागाकारापायी शास्त्र सोडतासा?”

“भागाकारापायी न्हाई गं,” ते म्हणाले. “मला माझी चूक दिसत न्हाई, म्हनून.”

दोन महिने बस्तीत वाचन झाले नाही. केरबा रोज येत, चहा घेत, आणि हा माणूस आतून खचत चालला आहे हे पाहून कासावीस होत. एका सकाळी चहाची वाट पाहत असता त्यांनी दोन हजार तेराची डायरी उचलली. गणितातले त्यांना ओ का ठो कळत नव्हते. परंतु बावीस वर्षे हजेरी घेतलेला माणूस. पाने उलटता उलटता त्यांचा अंगठा थांबला.

“मगदूम, हितं काय झालंय?”

“कुटं?”

“सप्टेंबरात. वर आकडा हाय, खाली काय न्हाई.”

“पर्वाची पानं असतील. पर्वात मी आकड्याला शिवत न्हाई. कोरीच असत्यात ती.”

“कोरी कुटनं? पुढल्या सालाची पार कोरी हायती, ती बगितली मी. हितं वर नंबर लिवलाय तुमीच. रोल कॉलमदी नाव हाय आन् जवान हजर न्हाई! अशी दहा हायती बगा.”

मगदूमांनी डायरी हातात घेतली. त्या वर्षीचे भाजक त्यांनी जानेवारीतच वर्षभराच्या पानांवर लिहून ठेवले होते. नियम तर भाद्रपदात मिळाला. दहा दिवस डायरी मिटलेली राहिली, अकराव्या दिवशी त्यांनी त्या तारखेचे पान उघडले, आणि मागचे पान उलटायचे नव्हते. पुढच्या वर्षांपासून पर्वाची पाने कोरीच असत, म्हणून पडताळणी करताना पर्वाच्या तारखा आल्या की ते ती पाने आदराने ओलांडून जात. आपण चुकलो कुठे हे ते वर्षभर शोधत राहिले. आपण केले काय नाही, हे त्यांनी एकदाही शोधले नव्हते.

पर्वाचा एकेक दिवस एकेका गुणाचा असतो. पहिले पान उत्तम क्षमेच्या दिवसाचे. भाजक एकवीस हजार पाचशे त्र्याऐंशी. त्यांनी तिथेच भागाकार मांडला. बाकी दहा हजार सत्तेचाळीस उरली.

“दुसरा घ्या,” केरबा म्हणाले.

“उद्या.”

“उद्या? आवं, दहा वर्सं झाली की!”

“दिवसाला एकच, हवालदार.”

“कमाल हाय गड्या! वैनी, ह्याला सांगा काय तरी!” केरबा पाय आपटत गेले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात हजर झाले. प्रभावतीही चूल सोडून बाहेर येऊन बसली होती.

दुसरे पान भाद्रपद शुद्ध षष्ठीचे, उत्तम मार्दवाचे. अहंकार सोडण्याचा तो दिवस. भाजक एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मगदूमांनी सहा एक घेतले. पाचाचा भाग गेला. एक उतरला, एकाचा भाग. एक उतरला, तिनाचा. एक उतरला, दोनाचा. एक उतरला, परत तिनाचा. उरले एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी. शेवटचा एक उतरला आणि एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस झाले. त्यांनी भाजकाची नऊपट मनात केली. मग ती कागदावर लिहिली. मग वजाबाकीची रेघ ओढली आणि पेन तसेच धरून बसले.

“उरलं का?” प्रभावतीने विचारले.

मगदूमांनी रेघेखाली शून्य काढले.

केरबांनी एकदा शून्याकडे, एकदा मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिले. “ह्ये चांगलं का वाईट?”

“मला कळंना झालंय,” मगदूम म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते. ज्या संख्येला ते तपभर अखंड मानत आले ती त्यांच्याच हाताने दुभंगली होती: एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आणि पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. आणि त्याच शून्याने त्यांची बुद्धी त्यांना परत दिली होती. व्रताने सत्य झाकले म्हणावे, की व्रत नसते तर सात वर्षांचे ते समाधान लाभलेच नसते म्हणावे? हर्ष करावा तर डोळे भरून येत होते, शोक करावा तर छाती हलकी झाली होती. प्रभावतीने आत जाऊन शिरा करायला घेतला, कारण तिला दुसरे काही सुचले नाही.

संध्याकाळी ते बस्तीत गेले. शास्त्राचे वेष्टन सोडण्यापूर्वी त्यांनी श्रावकांना सगळी हकीकत सांगितली: संख्या अखंड आहे असे आपण चारचौघांत बोललो होतो, ते असत्य होते, त्याबद्दल क्षमा असावी. सभेतील बहुतेकांना कोणती संख्या आणि कोठली क्षमा, हे नीटसे उमगले नाही. मागून एक म्हातारे म्हणाले, “केली क्षमा. वाचा आता.” मगदूमांनी वाचायला सुरुवात केली.

त्यानंतर वर्षभर त्यांनी वाचन केले. ब्राह्मी सुट्टीला आली की विचारी, ‘आता एकोणीस एक घेऊ या का?’ ते म्हणत, ‘ते तू बघ.’ दोन हजार पंचवीसच्या चैत्रात, दोन दिवसांच्या तापाने, वर्धमान मगदूम वारले.

आठ डायऱ्या घरी आहेत. त्यांतील दोन हजार तेराच्या डायरीत पर्वाच्या दहापैकी आठ पानांवर नुसते भाजक आहेत. खाली काही लिहिलेले नाही.